दीड बादलीची अंघोळ

लातूरला, नळ यायच्या आदल्या दिवशी, मी सासऱ्यांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी साडेतीन महिन्यांच्या एका मुलीच्या अंघोळीत रिकामी केली.

मुलगी माझीच होती, एवढाच काय तो बचाव. टाकी पूर्ण भरलेली नव्हती, अर्धीच होती, असंही मी पुढे बरेच दिवस सांगत फिरलो. पण ज्या गावात नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि त्याची तारीख लोक लग्नाच्या तिथीसारखी तोंडपाठ ठेवतात, तिथं अर्धी टाकी म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. इतरांपेक्षा जरा जास्तच कळायला हवं होतं, कारण माझा धंदाच पाणी वाचवण्याचा. मी नांदेडला राहतो आणि ठिबकच्या नळ्या विकतो. अर्धापूरच्या केळीवाल्यांच्या बांधावर उभा राहून, पाणी थेंबाथेंबानं कसं द्यावं यावर मी तासभर न थांबता बोलू शकतो. एका शेतकऱ्यानं एकदा हात जोडून सांगितलं होतं, "साहेब, नळ्या घेतो, पण आता बोलायचं बंद करा."

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, लातूरला गेली होती. आमच्याकडं पहिलटकरीण गेली की पाचव्या महिन्याशिवाय परत येत नाही. बाळ अंगानं धरलं पाहिजे, बाळंतिणीची कंबर घट्ट झाली पाहिजे, मग चांगला दिवस बघून पाठवणी. तोवर बापानं काय करायचं हे कुणीच ठरवलेलं नाही. बापानं पेढे वाटायचे, बारशाला नवा सदरा घालून मिरवायचं, आणि मग खोलीवर जाऊन खिचडी लावायची.

मी एक रविवार सोडून एक रविवार जायचो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी चार तासांनी लातूरला टेकायची. बसस्थानकातच हातपाय धुऊन, केस विंचरून, मी लेकीला भेटायला जायचो. लेक पलंगावर उताणी पडून छताच्या पंख्याकडं बघत असायची. पंख्याशी तिचं जमलं होतं. त्याला बघून ती हातपाय झाडायची, गालात हसायची, "अग्गू" म्हणायची. मग मी मध्ये तोंड घालायचो. ती माझ्याकडं बघायची, कपाळाला आठी घालायची आणि मान वळवून माझ्या कानाशेजारून पुन्हा पंखा शोधायची.

"ओळखत नाही ती मला," मी बायकोला म्हणालो.

"अहो, तीन महिन्यांचं लेकरू. ते काय आधार कार्ड बघणार आहे का तुमचं?"

"पण पंख्याला ओळखते."

"पंखा रोज असतो घरी," बायको म्हणाली. तिनं ते टोचायला म्हटलं नव्हतं. तरी मला ते चाकूरपर्यंत टोचत राहिलं.

माझी भीती साधी होती. पाचव्या महिन्यात ही नांदेडला येणार, आणि स्टँडवर न्यायला आलेल्या माणसाकडं बघून, हा कोण, म्हणून भोकाड पसरणार. त्याआधी एकदा तरी तिनं मला हुंकार द्यावा. पंख्याला देते तसाच, लहानसा. एवढंच मागणं होतं.

ती सगळ्यांत जास्त बोलायची न्हाऊ घालणाऱ्या मावशींशी. या मावशी निलंग्याच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावातून लग्न होऊन लातूरला आलेल्या. गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, हातात कोपरापर्यंत तेलाचा वास, आणि जिभेवर निम्मं मराठी, निम्मं कानडी. गल्लीतली दोन पिढ्यांची पोरं त्यांच्या पायांवर न्हालेली. माझी बायकोही. त्यामुळं त्या घरात त्या कुणाचीच भीड धरायच्या नाहीत.

मोरीत पाटावर बसायचं, लुगडं गुडघ्यापर्यंत घ्यायचं, पाय लांब करून त्यावर बाळ पालथं टाकायचं. शेजारी दीड बादली पाणी. दीडच. पावणेदोन कधी नाही. तेवढ्यात तेल, डाळीचं पीठ, डोकं, सगळं व्हायचं, आणि खाली घमेल्यात साठलेलं पाणी सासूबाई संडासाला ठेवायच्या. बाळ उताणं केलं की मावशी तांब्या उचलायच्या आणि तिला विचारायच्या, "नीरू बेका?" म्हणजे, पाणी पाहिजे का? आणि तांब्या तसाच वर धरून थांबायच्या. पोरगी तांब्याकडं बघायची, मावशींच्या तोंडाकडं बघायची, मग म्हणायची, "ऊं."

"बेका? हां, घे माय." की पोटावर पाणी.

"अन् पायावर? बेका, बेडा?"

"ऊंऽ."

"बेडा म्हनती की ओ ही! नको म्हनती. बरं, हातावर घे."

हे सगळं मी बहुतेक फोनवर ऐकलंय. सकाळी साडेनऊला अंघोळ असायची, आणि त्या वेळी मी अर्धापूरच्या कुठल्यातरी केळीत. बायको फोन लावून मोरीच्या कोनाड्यात उभा करून ठेवायची. चित्र दिसायचं नाही, वाफेनं काच धुरकट व्हायची. नुसता आवाज. तांब्या बादलीत बुडल्याचा, मावशींच्या बांगड्यांचा, आणि मधूनच तो "ऊं". केळीच्या पानाखाली मी कान फोनला चिकटवून उभा. पाण्याचा आवाज आला की कॉलरच्या आत मला ओलं लागायचं. डाळीच्या पिठाचा वास फोनमधून येत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण यायचा.

"कुणाचा फोन, साहेब?" शेतकरी विचारायचा.

"अंघोळ चालू आहे."

"कुणाची?"

"लेकीची. लातूरला."

तो खुरप्यानं उगाच माती उकरत लांब जाऊन बसायचा. कशाला खोटं बोलू, मी नुसता ऐकत नव्हतो. मीही बोलायचो. "काय गं, कोण न्हातंय? माझी चिमणी न्हातीय? पाणी गरम आहे का? डोळ्यात गेलं का? बाबा बोलतोय गं, नांदेडहून! ऐकू येतंय का?" एका दमात. मावशी तिकडून ओरडायच्या, "त्या कोनाड्यातल्याला जरा बारीक करा की!" मग बायको आवाज कमी करायची. माझा त्यांना कमी यायचा, त्यांचा मला तेवढाच.

अशातच मला मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. अंघोळ ही बाळाशी बोलायची उत्तम वेळ, असं त्यातल्या बाई सांगत होत्या. बाळाला टबात बसवा, मानेखाली हात ठेवा. एकेका अवयवाचं नाव घेत पाणी घाला, हे नाक, हे पोट. पाण्यावर खेळणी सोडा, पेल्यानं धार धरा, गाणं म्हणा. "आणि सगळ्यांत महत्त्वाचं," त्या म्हणाल्या, आणि केळीत रेंज गेली. चित्र गोल गोल फिरत राहिलं. मी म्हटलं, जाऊ दे. नाक, पोट, टब, बदक, एवढं कळलं. महत्त्वाचं आणखी काय असणार?

त्याच संध्याकाळी मी एक गुलाबी टब घेतला. एवढा मोठा, की त्यात मी स्वतः मांडी घालून बसू शकलो असतो. बसून बघितलंही. सोबत तीन पिवळी बदकं आणि दोन पेले.

टब घेऊन एसटीत चढणं हा वेगळा उद्योग. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट लागतंय."

"रिकामा आहे हो."

"रिकामी तर माझी शीट बी हाय. म्हून तुम्हाला फुकट बसू देऊ का?"

शेवटी टब मधल्या वाटेत ठेवला. लोह्याला एका आजीनं त्यात मेथीच्या जुड्या टाकल्या, अहमदपूरला एका बाईनं झोपलेलं पोर टाकलं. चाकूरला उतरताना ती पोर उचलून म्हणाली, "बरं केलंव दादा. लई दिसांनी मांडी मोकळी झाली." माझ्या टबात पहिल्यांदा दुसऱ्याचंच लेकरू झोपलं. मला त्याचा उगाच हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मावशी नव्हत्या. भाचीच्या लग्नाला शिरूर अनंतपाळला गेल्या होत्या. माझ्यासाठी हा योगच. सासरे सकाळीच दुकानात गेलेले. बायकोला मी म्हटलं, "तू झोप आज. मी घालतो अंघोळ." तीन महिन्यांत तिला सकाळची झोप कुणी देऊ केली नव्हती. तिनं संशयानं बघितलं, पण झोपेनं तिला हरवलं. "पाणी बेतानं," एवढं पुटपुटत ती भिंतीकडं वळली.

सासूबाई दाराआड उभ्या. बापानं अंघोळ घालायची हे त्यांना बघवत नव्हतं, आणि जावयाला नाही म्हणता येत नव्हतं. त्या माझ्याशी कधी थेट बोलायच्या नाहीत. मला जेवायला बोलवायचं तरी भिंतीला सांगायच्या, "पानं वाढलीत म्हणावं." त्या दिवशी त्यांनी दारातल्या तुळशीला सांगितलं, "नळ उद्या हाय म्हणं."

तुळस काही बोलली नाही. मी टब भरत होतो.

पहिलं पाणी फार गरम झालं. अर्धं ओतलं, गार मिसळलं. मग गार झालं. पुन्हा ओतलं. पोरगी टबात ठेवल्याबरोबर तिनं त्यात आपला कार्यक्रम उरकला. ते सगळं पाणी गेलं. तिसऱ्यांदा टाकीचा नळ सोडला आणि म्हटलं, भरेल तोवर पीठ लावून घेऊ. मावशींसारखा पाटावर बसलो, पँट गुडघ्यापर्यंत वर केली, पाय लांब केले, पोरीला पायांवर घेतलं. नळाकडं माझी पाठ. तोंड चालूच.

"हे बघ, हे नाक. हे कुणाचं नाक? माझ्या बाईचं नाक. आणि हे पोट. बदक बघ, बदक काय म्हणतं? क्वॅक क्वॅक. बाबा काय म्हणतो? बाबा म्हणतो, हा कान. आणि हा दुसरा कान..."

पोरगी माझ्या खांद्यावरून मोरीतल्या झरोक्याकडं बघत होती. मी गाणं सुरू केलं. गाण्याच्या नादात टब भरून वाहायला लागला हे कळलं नाही. नांदेडचा माणूस मी. गोदाकाठी वाढलेल्याच्या कानाला वाहत्या पाण्याचा आवाज हा आवाजच वाटत नाही. तो सुरू असतो, एवढंच. दाराआड सासूबाई दोनदा खोकल्या. मला वाटलं, फोडणी लागली असेल. नळ जावयानं सोडलेला. तो जावयासमोर जाऊन बंद कसा करायचा, म्हणून ती बाई दाराला धरून उभी राहिली आणि आठ दिवस जपलेलं पाणी माझ्या गाण्याबरोबर मोरीच्या भोकातून जाताना ऐकत राहिली. हे मला बायकोनं नंतर सांगितलं. आजही आठवलं की पायाची बोटं आखडतात.

मग नळ घरघरला. दोनदा शिंकला. थांबला.

मी मागं वळून बघितलं. टब भरलेला, पण त्यात काठावर ठेवलेलं पिठाचं घमेलं उपडं होऊन पिवळा चिखल झालेला आणि त्यात तीन बदकं रुतलेली. मांडीवर पोरगी, केसापासून तळव्यापर्यंत पिठानं माखलेली. आणि नळाला पाण्याचा थेंब नाही.

गाणं मध्येच तुटलं. मी गप्प झालो. त्या घरात जावई म्हणून पाऊल टाकल्यापासून पहिल्यांदाच असेन.

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. पिण्याच्या घागरीतलं पाणी गॅसवर कोमट केलं आणि तांब्या आणून माझ्या हाताशी ठेवला. आणि थेट मला म्हणाल्या, "एवढंच हाय."

एक तांब्या. मावशींची दीड बादली त्यापुढं गोदावरी वाटावी. तोंड उघडायची लाज वाटत होती. मी तांब्या उचलला, तिच्या पायावर बोटभर धार धरली आणि थांबलो. हिशेबानं वापरायचं तर थांबणं भाग होतं. पीठ बोटांनी सोडवलं. पुन्हा तांब्या उचलला. पण ओतवेना. आता कुठं ओतू? पोटावर ओतलं तर पाठ राहील.

तांब्या तसाच हवेत. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. पोरगी तांब्याकडं बघत होती. मग, मी कसलाच आवाज करत नाही म्हणून असेल, तिनं तांब्यामागं कोण आहे ते बघितलं. झरोका नाही, खांदा नाही. मला. कपाळाला आठी नव्हती.

"ऊं?" ती म्हणाली.

मी ओतलं. पोटावर, चमचाभर. तिनं पाय ताणले. मी पुन्हा थांबलो. आता मुद्दाम. हळूच विचारलं, "बेका?"

माझं कानडी तेवढंच. ती ओठ गोल करून विचारात पडली. इतका वेळ, की मला वाटलं संपलं. मग मोठ्यानं म्हणाली, "अग्गूऽ!"

तो तांब्या किती वेळ पुरला मला सांगता येणार नाही. धार, थांबणं, तिचं उत्तर, धार. शेवटच्या घोटाला तर मी नुसता तांब्या हलवून दाखवला आणि ती रिकाम्या तांब्यालाच ओरडली. पीठ मानेच्या वळ्यांत राहिलं, कानामागं राहिलं. बायको उठून आली तेव्हा आम्ही दोघं मोरीत पिवळे होऊन बसलो होतो आणि मी रडत होतो. तिला वाटलं, टाकीसाठी.

नळ दुसऱ्या दिवशी आला नाही. कुठं तरी पाइप फुटला होता, तो तिसऱ्या दिवशी आला. तोवर सासरे शेजाऱ्यांकडून कळशी कळशी आणत होते. त्या रविवारी रात्री जेवताना भिंतीकडं बघून म्हणाले, "ठिबकची माणसं म्हणं." मी दुसरी भाकरी घेतली नाही.

तो टब आता नांदेडला आमच्याकडं कांदे ठेवायला आहे. लेक चार वर्षांची झाली. अंघोळीला मला मोरीत येऊ देत नाही, आतून कडी लावते आणि पाण्याशी, साबणाशी, बादलीशी अखंड बोलते. माझ्यावर गेलीय, असं म्हणतात. मी बाहेर टॉवेल घेऊन उभा असतो. बोलण्यात ती कुठंच थांबत नाही. मला मात्र ते थांबणंच आठवतं. उचललेला तांब्या, गोल केलेले ओठ, आणि मधली ती जागा, जिथं अजून काहीच बोललेलं नव्हतं.

त्या रविवारनंतर मी परत केळीत गेलो. साडेनऊला फोन आला, कोनाड्यात उभा राहिला. मावशी लग्नाहून आल्या होत्या आणि टाकीची हकीकत त्यांना सगळ्या गल्लीनं सांगितली होती. मी ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. शेतकऱ्यालाही खुणेनंच सांगितलं, बस. तांब्या बादलीत बुडाला. बांगड्या वाजल्या. "नीरू बेका?" मावशींनी विचारलं. मग शांतता. सव्वाशे किलोमीटरवरचा तो वर धरलेला तांब्या मला दिसत होता. मी ओठ आवळून थांबलो. ती थांबली. मग काय झालं कुणास ठाऊक, बायकोनं फोन जवळ नेला असेल, अगदी माझ्या कानातच आवाज आला, "ऊं... अग्..."

आणि मी ओरडलो, "बोलली! मला बोलली! काय गं माझे बाई, काय म्हणालीस, बाबाला काय म्हणालीस, पुन्हा म्हण, बाबा ऐकतोय बघ..."

तिकडं लेक एकदम चिडीचूप. शेतकरी माझ्याकडं बघत होता. मग मोरीतून मावशींचा आवाज आला.

"जावाई, पानी सांडलंव ते सांडलंव. आता लेकराचं बोलनं तरी सांडू नका."